दोन यंत्रे, एक चित्र : पेट-सीटीच्या पडद्यामागचे गणित

‘डॉक्टर, एक्स-रे झाला, सोनोग्राफी झाली, सीटी झाले. आता पुन्हा हे पेट-सीटी कशाला? एवढ्या तपासण्यांत जे दिसले नाही ते यात कसे दिसणार?’ हा प्रश्न अलीकडे दवाखान्यात वारंवार विचारला जातो. आपल्या नगर जिल्ह्यातून कर्करोगाचे किंवा कर्करोगाचा संशय असलेले अनेक रुग्ण पुणे, नाशिक, मुंबईला या तपासणीसाठी जातात. परत येतात तेव्हा हातात जाड पाकीट असते आणि त्यात काळ्या-पांढऱ्या शरीरावर केशरी-पिवळे ठिपके असलेली रंगीत चित्रे. ती पाहून घरातले घाबरतात. ‘एवढे सगळे पेटलेले दिसते आहे, म्हणजे सगळीकडे पसरले का?’

हे चित्र कॅमेऱ्याने काढलेला फोटो नव्हे. ते संगणकाने सोडवलेल्या एका मोठ्या गणिताचे उत्तर आहे. गणितात दिलेली माहिती चांगली असेल तर उत्तर चांगले येते, माहिती अपुरी किंवा चुकीची असेल तर उत्तर बिघडते. शिवाय येथे माहिती देणारी यंत्रे दोन असतात आणि ती एकमेकांच्या मदतीने चित्र तयार करतात. ही मदत कशी होते आणि कोठे दगा देऊ शकते, हे आज पाहू. ते कळले की तपासणीच्या आधी दिलेल्या सूचना का पाळायच्या हे कळते आणि अहवाल वाचून उगाच हाय खाण्याची वेळ येत नाही.

सावल्यांवरून वस्तू

साधा एक्स-रे म्हणजे सावली. छातीच्या पुढून सोडलेले किरण मागच्या फिल्मवर पडतात. बरगडी, हृदय, फुप्फुस आणि पाठीचा कणा यांच्या सावल्या एकमेकींवर पडून एकच चित्र होते. कोणती वस्तू पुढे, कोणती मागे हे त्यावरून नेमके सांगता येत नाही. सीटी स्कॅनमध्ये किरण सोडणारी नळी शरीराभोवती फिरते आणि अनेक दिशांनी सावल्या घेते. त्या सर्व सावल्यांवरून आतल्या आडव्या कापाचे चित्र पुन्हा उभे करायचे, याला प्रतिमेची पुनर्रचना म्हणतात.

हे करता येईल याचा गणिती पाया योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९१७ मध्येच घातला होता. त्या वेळी त्याच्या डोळ्यांसमोर कोणतेही वैद्यकीय यंत्र नव्हते. प्रत्यक्ष यंत्र इंग्लंडमधील अभियंता गॉडफ्रे हौन्सफील्ड यांनी बनवले. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेल्या एका महिलेची पहिली तपासणी झाली. हौन्सफील्ड आणि हेच गणित स्वतंत्रपणे मांडणारे अॅलन कॉरमॅक यांना १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच १९७१ साली आपल्या देशातील जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी ही पुनर्रचना झटपट करण्याची एक रीत प्रसिद्ध केली. त्यांच्या नावाची आद्याक्षरे जोडून ओळखली जाणारी ‘राम-लॅक’ ही गाळणी सीटीच्या गणितात आजही शिकवली जाते.

लाडवांच्या डब्याचे गणित

हे गणित घरच्या घरी करून पाहता येईल. चार कप्प्यांचा चौकोनी फराळाचा डबा डोळ्यांसमोर आणा. वर दोन कप्पे, खाली दोन. प्रत्येकात काही लाडू आहेत. झाकण उघडायचे नाही. फक्त ओळीतले एकूण लाडू किती, एवढेच आपल्याला सांगितले जाते. वरच्या आडव्या ओळीत ७, खालच्या आडव्या ओळीत ९. डाव्या उभ्या ओळीत ६, उजव्या उभ्या ओळीत १०. कोणत्या कप्प्यात किती लाडू?

सुरुवात अंदाजाने करू. एकूण लाडू १६, कप्पे चार, म्हणून प्रत्येकात ४ धरा. वरच्या ओळीत ४ आणि ४ मिळून ८ होतात, पण सांगितले आहेत ७. एक जास्त झाला, तो दोघांत वाटून कमी करा. वरचे दोन्ही कप्पे साडेतीन झाले. खालच्या ओळीत ८ होतात, हवेत ९. म्हणून खालचे दोन्ही साडेचार. आता उभ्या ओळी तपासू. डावीकडे साडेतीन आणि साडेचार मिळून ८ होतात, हवेत ६. दोन्हींतून एकेक काढा, अडीच आणि साडेतीन राहिले. उजवीकडे ८ होतात, हवेत १०. दोन्हींत एकेक घाला, साडेचार आणि साडेपाच झाले. आता चारही बेरजा जुळतात.

पण गणित संपले नाही. वर ३ आणि ४, खाली ३ आणि ६ असे लाडू ठेवले तरी या चारही बेरजा जुळतात. वर २ आणि ५, खाली ४ आणि ५ ठेवले तरीही जुळतात. उत्तरे अनेक, खरे एकच. म्हणून आणखी एका दिशेने, तिरके पाहावे लागते. समजा कोणी सांगितले की वरचा डावा आणि खालचा उजवा कप्पा मिळून ७, आणि दुसरी तिरकी ओळ ९. आपल्या अंदाजात दोन्ही तिरक्या ओळी ८-८ येतात. पहिलीतून अर्धा-अर्धा कमी करा, दुसरीत अर्धा-अर्धा वाढवा. वर २ आणि ५, खाली ४ आणि ५. हेच खरे उत्तर, आणि झाकण न उघडता मिळाले.

अंदाज करायचा, ताडून पाहायचा, दुरुस्त करायचा आणि हे पुन्हा पुन्हा करायचे, ही पद्धत पेटच्या संगणकातही चालते. तेथे कप्पे चार नसून लाखोंच्या संख्येने असतात, एवढाच फरक. पेटसाठी योग्य अशी या पद्धतीची गणिती मांडणी शेप आणि वार्डी यांनी १९८२ मध्ये केली. १९९४ मध्ये हडसन आणि लार्किन यांनी तिला वेग दिला आणि ती रोजच्या वापरात येऊ शकली.

पेट काय पाहते?

सीटी शरीराची रचना दाखवते, म्हणजे कोणता अवयव कोठे, केवढा आणि किती घट्ट आहे. पेट त्या अवयवांत चाललेले काम दाखवते. पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी या लांबलचक नावाचे ते संक्षिप्त रूप आहे. या तपासणीत ग्लुकोजसारखाच एक पदार्थ शिरेतून देतात. त्याला एफडीजी म्हणतात आणि त्याच्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले असते. ज्या पेशींना साखरेची भूक जास्त, त्या तो जास्त उचलतात. अनेक प्रकारच्या कर्करोगांच्या पेशी अशाच भुकेल्या असतात. मेंदू आणि हृदयही साखर भरपूर वापरतात. मूत्राशयात हा पदार्थ लघवीवाटे जमतो. म्हणून निरोगी माणसाच्या चित्रातही हे भाग चमकतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

हे फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मे होते. पहाटे ६ वाजता तयार झालेले औषध ७ वाजून ५० मिनिटांनी अर्धे आणि ९ वाजून ४० मिनिटांनी पाव उरते. ते साठवून ठेवता येत नाही. तपासणीची वेळ ठरवून दिलेली असते आणि उशीर चालत नाही, त्याचे कारण हेच. हा पदार्थ सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात बनवतात. भारतातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिली पेट तपासणी मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली सुरू झाली. भाभा अणुसंशोधन केंद्राची ही संस्था १९६३ पासून काम करते आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांत परळच्याच टाटा मेमोरियल रुग्णालयात पेट आणि सीटी एकत्र असलेले यंत्र आले.

शरीरात या फ्लोरिनमधून पॉझिट्रॉन नावाचा सूक्ष्म कण बाहेर पडतो. तो जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघेही नाहीसे होतात आणि त्याच क्षणी दोन किरण एकमेकांच्या विरुद्ध दिशांना सुटतात. रुग्णाभोवतीच्या कड्यातील दोन डोळ्यांना ते एकाच वेळी दिसले, की या दोन डोळ्यांना जोडणाऱ्या रेषेवर कोठेतरी औषध होते, एवढे कळते. अशा कोट्यवधी रेषा गोळा होतात आणि त्यांवरून लाडवांच्या डब्यासारखेच गणित सोडवले जाते.

अडचण अशी, की बरेच किरण बाहेर पोहोचतच नाहीत. सुमारे ३० सेंटिमीटर जाडीच्या पोटातून जाताना १०० जोड्यांपैकी जेमतेम ५-६ जोड्याच दोन्ही टोकांना सुखरूप पोहोचतात. बाकीचे किरण शरीरातच शोषले जातात किंवा वाट बदलतात. माहिती अशी तुटपुंजी, म्हणून पेटचे चित्र मूळचेच भरड असते. जुन्या टीव्हीवर सिग्नल कमी झाला की मुंग्या दिसत, तशा मुंग्या या चित्रातही असतात. गणित जास्त वेळा फिरवले तर चित्र धारदार होते, पण मुंग्याही वाढतात.

दोन यंत्रांची जोडी

येथे सीटी मदतीला येते. कोणत्या रेषेवर किती मांस, किती हाड, किती हवा आहे हे सीटीला ठाऊक असते. त्यावरून त्या रेषेवरचे किती किरण शोषले गेले असतील याचा हिशेब करून संगणक पेटची तूट भरून काढतो. ही भरपाई केली नाही तर त्वचा आणि फुप्फुसे खऱ्यापेक्षा उजळ, आणि पोटाच्या आतला भाग फिका दिसतो. म्हणजे सीटीचा उपयोग दुहेरी आहे. ठिपका नेमका कोणत्या अवयवात आहे हे ती दाखवते, आणि तो किती तेजस्वी दिसावा याच्या हिशेबातही तिचा हात असतो.

ही जोडी एकाच यंत्रात बसवण्याची कल्पना डेव्हिड टाउनसेंड आणि रोनाल्ड नट या शास्त्रज्ञांची. त्यांचे पहिले यंत्र १९९८ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे बसले. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००० सालचा वैद्यकीय शोध म्हणून त्याचा गौरव केला. त्यानंतर पेट आणि एमआरआय यांचीही जोडी झाली. मेंदू, यकृत, ओटीपोट अशा मऊ भागांत एमआरआयचे चित्र सीटीपेक्षा सरस येते आणि त्यात क्ष-किरण नसतात.

पण जोडीदार बदलला की अडचणीही बदलतात. नेहमीच्या एमआरआयमध्ये घट्ट हाड काळे दिसते आणि हवाही काळीच दिसते. हाड किरण शोषते, हवा जवळजवळ शोषत नाही. संगणकाने कवटीचे हाड हवा समजले तर भरपाई कमी पडते आणि कवटीलगतचा मेंदू खऱ्यापेक्षा फिका दिसतो. यावर उपाय म्हणून औषध कोठे आहे आणि किरण कोठे किती शोषले गेले, या दोन्ही गोष्टी एकदमच शोधून काढणाऱ्या गणिती रीती निघाल्या आहेत.

एकत्रित पुनर्रचना

आतापर्यंत सांगितलेल्या पद्धतीत दोन चित्रे वेगवेगळी तयार होतात आणि नंतर एकावर एक ठेवली जातात. गणिती पुढे गेले. त्यांनी विचार केला, की शरीर एकच आहे. एमआरआयमध्ये जेथे एक पेशीजाल संपून दुसरे सुरू होते, तेथेच बहुधा औषधाचे प्रमाणही बदलेल. मग दोन्ही चित्रे एकदमच का सोडवू नयेत? पेटच्या अंदाजाने एमआरआयला आणि एमआरआयच्या अंदाजाने पेटला, प्रत्येक फेरीत मदत करावी. याला एकत्रित पुनर्रचना म्हणतात. यात पेटच्या मुंग्या कमी होतात, औषध कमी देऊन भागू शकते, आणि एमआरआयचीही मोजमापे थोडी कमी घेऊन वेळ वाचवता येतो.

आपल्या डब्यावर याची चव घेऊ. समजा तिरक्या ओळींची माहिती मिळालीच नाही, फक्त आडव्या-उभ्या बेरजा आहेत. पण एमआरआय सांगते, की वरचा डावा आणि खालचा डावा कप्पा एकाच पेशीजालाचे आहेत, तेथे लाडू सारखेच असावेत. डाव्या ओळीत एकूण ६, म्हणून ३ आणि ३. मग वर उजवीकडे ४ आणि खाली उजवीकडे ६. उत्तर एका झटक्यात मिळाले. कमी मोजमापांत पूर्ण चित्र मिळवण्याचे हेच इंगित आहे.

या विषयात महाराष्ट्रातही काम झाले आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत संगणकशास्त्र विभागाचे प्रा. सुयश आवटे, त्यांच्याबरोबर विश्वनाथ सुदर्शन आणि ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाचे झाओलिन चेन व गॅरी इगन यांनी पेट आणि एमआरआय यांच्या एकत्रित पुनर्रचनेची एक रीत २०२० मध्ये ‘मेडिकल इमेज अॅनालिसिस’ या नियतकालिकात मांडली. मेंदूच्या प्रतिमांचे लहान लहान तुकडे घ्यायचे आणि पेटमधला अमुक तुकडा दिसतो तेव्हा एमआरआयमधला त्याचा जोडीदार कसा दिसतो, याचा जणू जोडशब्दांचा कोश संगणकाला आधी शिकवायचा. नवीन रुग्णाचे चित्र सोडवताना संगणक त्या कोशाचा आधार घेतो. २०२१ मध्ये याच गटाने कमी औषधातील पेट सुधारण्याची आणखी एक रीत मांडली. तिच्यात संगणक चित्राबरोबरच ‘या ठिकाणी मला खात्री कमी आहे’ हेही दाखवतो. हे दुसरे काम डॉक्टरांच्या दृष्टीने मला फार मोलाचे वाटते.

अशा रीती अजून मुख्यतः संशोधनाच्या टप्प्यावर आहेत. आपला रुग्ण आज ज्या पेट-सीटीसाठी जातो, तेथे सीटीची मदत प्रामुख्याने शोषणाच्या भरपाईसाठी आणि जागा दाखवण्यासाठी घेतली जाते.

साक्षीदारांनी साक्ष जुळवून घेतली तर?

आता डब्याचे ते शेवटचे उत्तर पुन्हा पाहा. वर ३ आणि ४, खाली ३ आणि ६. पण डब्यात खरे लाडू वर २ आणि ५, खाली ४ आणि ५ असे असतील तर? म्हणजे खालच्या डाव्या कप्प्यात रोगामुळे औषध जास्त साठले आहे, पण एमआरआयला तेथे काहीच वेगळे दिसलेले नाही. तिने ‘दोन्ही कप्पे सारखेच’ असे सांगितले आणि आपण ते मानले. सगळ्या बेरजा जुळतात, ताळा बरोबर येतो, आणि उत्तर मात्र चुकते. ज्या कप्प्यात गाठ होती तोच कप्पा सपाट झाला.

कोर्टात दोन साक्षीदार वेगवेगळे तपासतात. त्यांना आधी एकत्र बसू दिले तर साक्ष सुंदर जुळते, पण ती खरी असेलच असे नाही. दोन यंत्रांचेही तसेच आहे. रचना बदलण्याच्या आधी काम बदलते, म्हणून तर आपण पेट करतो. जे फक्त पेटलाच दिसते ते एमआरआयच्या सांगण्यावरून पुसले जाता कामा नये. उलट एमआरआयमधील एखादी रेघ पेटच्या चित्रात नसताना उमटताही कामा नये. म्हणून या विषयातील चांगले गणिती दुसऱ्या यंत्राचा सल्ला घेतात, पण तो हुकूम मानत नाहीत. स्वतःची मोजमापे ठामपणे वेगळे सांगत असतील तर त्यांचेच ऐकायचे, अशी सोय त्यांच्या समीकरणात ठेवलेली असते. ती किती सैल आणि किती घट्ट ठेवायची, हा या संशोधनातील खरा वादाचा मुद्दा आहे.

हा धोका संशोधनापुरताच नाही. रोजच्या पेट-सीटीमध्येही तो लहान प्रमाणात असतो. सीटी काही सेकंदांत उरकते, म्हणजे श्वासाचा एक क्षण पकडते. पेटला पंधरा-वीस मिनिटे लागतात, तोवर रुग्णाचे अनेक श्वास होतात. त्यामुळे यकृताच्या वरच्या टोकाची गाठ चित्रात फुप्फुसात सरकलेली दिसू शकते. धातूचेही तसेच. कृत्रिम खुबा, दातातील धातू किंवा पेसमेकर यांमुळे सीटी त्या जागी अवाजवी घट्टपणा दाखवते. संगणक त्याप्रमाणे जादा भरपाई करतो आणि नसलेला ठिपका चमकतो. म्हणून अनुभवी तज्ज्ञ भरपाई न केलेले चित्रही काढून पाहतात. तेथे ठिपका नसेल तर तो धातूचा खेळ असण्याची शक्यता मोठी.

रुग्णाच्या हातात काय आहे?

या गणितातील बरीचशी माहिती रुग्णच पुरवतो. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. ठरवून दिलेले तास उपाशी राहावे, साधारणपणे चार ते सहा तास. साधे पाणी चालते. चहा, दूध, ग्लुकोज बिस्किट, पेढा चालत नाही. ‘एवढ्याने काय होते’ म्हणून घेतलेल्या गोड घोटाने औषध गाठीऐवजी स्नायूंत जाते.

२. मधुमेह असेल तर नाव नोंदवतानाच सांगावे. रक्तातील साखर जास्त असेल, साधारणपणे २०० च्या वर, तर तपासणी पुढे ढकलावी लागू शकते. मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर आतडी जास्त चमकतात. गोळी बंद करायची की नाही हे केंद्राला आणि आपल्या डॉक्टरांना विचारावे, स्वतःच्या मनाने बंद करू नये. इन्शुलिन कधी घ्यायचे तेही विचारून घ्यावे.

३. आदल्या दिवशी ओझी उचलणे, शेतातील कष्टाची कामे, दमणूक टाळावी. काम केलेला स्नायू साखर ओढतो आणि चित्रात चमकतो.

४. इंजेक्शननंतर सुमारे तासभर शांत पडून राहावे. बोलले तर स्वरयंत्राचे स्नायू चमकतात, तंबाखू किंवा सुपारी चघळली तर जबड्याचे. सोबतच्या नातेवाइकांनी गप्पांसाठी आग्रह करू नये. थंडीच्या दिवसांत अंगावर शाल किंवा पांघरूण असावे, कारण थंडीने मानेजवळची एक प्रकारची चरबी कामाला लागते आणि तीही चमकते.

५. यंत्रात निश्चल राहावे आणि श्वास संथ, नेहमीसारखा घ्यावा. सांगितल्याशिवाय श्वास रोखू नये. पाठदुखीमुळे पडून राहणे जमत नसेल तर आधीच सांगावे.

६. शरीरातील धातू, झालेल्या शस्त्रक्रिया, अलीकडची बायोप्सी, केमोथेरपी आणि किरणोपचार यांच्या तारखा लिहून न्याव्यात. किरणोपचारानंतर साधारण तीन महिने त्या जागची सूज चमकू शकते. एमआरआय असेल तर पेसमेकरबद्दल आणि वेल्डिंग किंवा लेथवर काम करताना डोळ्यात गेलेल्या लोखंडी कणाबद्दल सांगणे जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

७. गरोदरपण असेल किंवा तशी शंका असेल, अथवा बाळ अंगावर पीत असेल, तर इंजेक्शनच्या आधीच सांगावे. तपासणीनंतर पाणी भरपूर प्यावे आणि त्या दिवशी काही तास तान्ही मुले व गरोदर स्त्रिया यांना जवळ घेऊन बसू नये. अकरा तासांत औषधाची किरणोत्सारी शक्ती चौसष्टाव्या हिश्शावर येते.

अहवाल वाचताना

चमकणारा प्रत्येक ठिपका कर्करोग नसतो. आपल्या देशात हे विशेष लक्षात ठेवायला हवे, कारण क्षयरोगाच्या गाठीही पेटमध्ये तशाच चमकतात. छातीतील गाठी पाहून घरच्यांनी आशा सोडली आणि तुकडा काढून तपासल्यावर क्षयरोग निघाला, असे रुग्ण आपल्या भागात भेटतात. क्षयरोग औषधांनी बरा होतो. म्हणून डॉक्टर बायोप्सी करा म्हणाले तर ‘एवढे महाग स्कॅन झाले, आता आणखी सुई कशाला’ असे म्हणू नये. रंगीत चित्र सुई कोठे घालायची ते सांगते, सुईने काढलेला तुकडा रोग कोणता ते सांगतो.

उलट बाजूही तितकीच खरी. पेटची नजर काही मिलिमीटरपर्यंतच पोहोचते. अगदी लहान गाठ फिकी दिसते किंवा दिसतच नाही. काही कर्करोग मुळातच साखर कमी घेतात. म्हणून ‘काही चमकले नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा प्रत्येक वेळी होत नाही.

अहवालात ‘एसयूव्ही’ असा आकडा असतो. त्या ठिकाणी औषध किती प्रमाणात साठले याचा तो हिशेब आहे. मागच्या वेळी ६ होता, आता ८ आला, म्हणजे रोग वाढला, असे घरी बसून ठरवू नये. हा आकडा रक्तातील साखर, इंजेक्शननंतर गेलेला वेळ, यंत्र आणि पुनर्रचनेची रीत या सगळ्यांवर अवलंबून असतो. एकाच रुग्णाच्या त्याच मोजमापांवर वेगळी गणिती रीत लावली तरी आकडा बदलतो. म्हणून शक्यतो पुढची तपासणी त्याच केंद्रात करावी. ते जमत नसेल तर नुसता कागदी अहवाल न नेता आधीच्या तपासणीची सीडी जपून ठेवावी आणि सोबत न्यावी. ही सीडी औषधाच्या पिशवीत किंवा ट्रंकेत कोंबून ठेवण्याची वस्तू नव्हे, फाइलमध्ये सपाट ठेवावी.

ही तपासणी हौसेने किंवा ‘एकदा सगळे बघून घेऊ’ म्हणून करण्याची नाही. औषधाचे आणि सीटीचे मिळून किरण बऱ्यापैकी लागतात आणि खर्चही मोठा असतो. जेथे तिच्या उत्तरावरून उपचार बदलणार आहेत, तेथे मात्र ती मोलाची आहे. शस्त्रक्रिया करायची की आधी केमोथेरपी द्यायची, दिलेली केमोथेरपी लागू पडते आहे का, असे प्रश्न ती सोडवू शकते. म्हणून पेट-सीटी करायला सांगितली तर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा, ‘या तपासणीने उपचारात काय फरक पडेल?’ आणि अहवाल आला की तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांसमोर बसून, जुन्या कागदांसह समजून घ्यावा. बेरजा जुळल्या तरी डब्यात खरोखर काय आहे, हे ठरवायला रुग्णाला तपासणारा हात आणि त्याची हकिगत ऐकणारे कान लागतातच.